गढूळ पाणी निवळते कसे?
चिकणमातीचे कण आणि विरुद्ध भाराची साखळी

भाद्रपदात मुंबईच्या लालबाग, परळ, गिरगाव व दादर या भागांत घरोघरी शाडूच्या मातीचा गणपती बसतो. गिरगावातील केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ साली सार्वजनिक उत्सव सुरू झाला. लालबाग-परळच्या गिरणगावात कोकणातून व घाटावरून आलेल्या कामगारांनी तो वाढविला. त्या कामगारांचे गाव सुटले, पण गावाशी असलेले नाते सुटले नाही. आजही त्यांच्या घरांतील अनेक मंडळी उत्सवानंतर गावी शेतावर परततात. म्हणूनच चाळीतील एका बालदीत दिसणारी साधी गोष्ट शेतकरी बंधूंच्या विहिरीशी, शेततळ्याशी व जमिनीशी कशी जोडलेली आहे, हे येथे पाहावयाचे आहे.

शाडूची लहान मूर्ती नळाच्या पाण्याने भरलेल्या बालदीत विसर्जित केली, तर काही तासांत ती विरघळल्यासारखी दिसते. जाड गाळ तळाशी बसतो, पण वरचे पाणी दुसऱ्या दिवशीही बहुधा दुधासारखे राहते. तीच माती गिरगाव चौपाटीवरून आणलेल्या समुद्राच्या पाण्यात कालवून बाटलीत ठेवली, तर काही तासांतच वर स्वच्छ पाणी व खाली गाळ असे दोन थर पडतात. माती एकच, बाटलीही एकच, पण पाणी वेगळे. मग एका पाण्यात माती तरंगते व दुसऱ्यात ती बसते, हे का?

हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही. आषाढ-श्रावणात ओढ्याचे व उघड्या विहिरीचे पाणी गढूळ होते. त्यात टीसीएल पावडर टाकली की पाणी शुद्ध झाले, असे समजण्यात येते. परंतु मातीचे कण व त्यांच्याबरोबर आलेला सेंद्रिय मळ क्लोरीन खाऊन टाकतात, व कणांच्या आडोशाला रोगजंतू सुरक्षित राहतात. परिणामी पावडर टाकलेल्या गावातही हगवण, गॅस्ट्रो व कावीळ यांचा उपद्रव होऊ शकतो. पाणी आधी निवळावे व नंतर निर्जंतुक करावे, हा क्रम ज्या गावाने पाळला त्या गावाने अर्धी लढाई जिंकली असे समजावे.

कण किती सूक्ष्म असतो?

जमिनीतील वाळू, पोयटा व चिकणमाती हे भेद कणाच्या आकारावरून केले जातात. ज्या कणाचा व्यास मिलिमीटरच्या दोन-सहस्रांशाहून, म्हणजे ०.००२ मिलिमीटरहून कमी असतो, त्याला चिकणमातीचा कण म्हणतात. वाळूचा कण पाण्यात टाकताच खाली जातो. चिकणमातीचा मोठ्यात मोठा कण शांत पाण्यात तासाला सुमारे सव्वा सेंटिमीटर, म्हणजे दिवसाला सुमारे ३० सेंटिमीटर खाली उतरतो. कणाचा व्यास दहापट कमी झाला की उतरण्याचा वेग शंभरपट कमी होतो. असा बारीक कण दिवसभरात जेमतेम ३ मिलिमीटर उतरतो, आणि पाण्याची थोडीशी हालचालही त्याला पुन्हा वर उचलते. हातभर खोल बालदी अशा कणाला कित्येक महिन्यांची वाट ठरते.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. पाणी लवकर निवळावयाचे असेल तर एकेकटा कण बसण्याची वाट पाहून चालणार नाही. अनेक कणांनी एकत्र येऊन मोठे पुंजके धरले पाहिजेत. मग ते कण आपण होऊन एकत्र का येत नाहीत?

कणांवरील विद्युत् भार

चिकणमातीचा कण हा गोल खडा नसून पातळ पापुद्र्यांची चवड असते. हे पापुद्रे सिलिका व ॲल्युमिना यांच्या पत्र्यांचे बनलेले असतात. पापुद्रे तयार होत असताना काही ठिकाणी सिलिकॉनच्या जागी ॲल्युमिनियम, तर ॲल्युमिनियमच्या जागी मॅग्नेशियम बसलेले असते. नव्याने बसलेल्या अणूचा धन भार मूळ अणूपेक्षा एकाने कमी असल्याने पापुद्र्याच्या अंगावर ऋण विद्युत् भार शिल्लक राहतो. हा भार कणाचा जन्मजात गुण आहे. तो धुऊन जात नाही.

सगळ्या मातीत हा भार सारखा नसतो. कोकणातील जांभ्या जमिनीत केओलिनाइट हे खनिज अधिक असते. त्याच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ३ ते १५ मिलिइक्विव्हॅलंट धन आयन धरून ठेवण्याची शक्ती असते. देशावरील व वऱ्हाडातील काळ्या जमिनीत स्मेक्टाइट गटाची खनिजे अधिक असतात. त्यांपैकी मॉन्टमोरिलोनाइटची ही शक्ती ८० ते १२० पर्यंत जाते, व त्याच्या एका ग्रॅमचा एकूण पृष्ठभाग सुमारे ७०० ते ८०० चौरस मीटर भरतो. काळी माती फुगते, भेगाळते, पाणी व खते धरून ठेवते, याचे मूळ याच गुणात आहे. काळ्या रानातून वाहणारे पाणी दिवसेंदिवस गढूळ राहते, त्याचेही कारण हेच होय.

समान भार असलेले दोन कण जवळ येऊ लागले की एकमेकांना दूर ढकलतात. प्रत्येक कणाभोवती पाण्यातील सोडियम, कॅल्शियम इत्यादी धन आयनांचे एक ढगासारखे वेष्टन असते. हे वेष्टन जाड असले तर कण दूरदूर राहतात व पाणी गढूळ राहते. ते पातळ झाले, किंवा कणावरील भारच निष्प्रभ झाला, तर कण एकमेकांना चिकटतात.

याचे घरगुती उदाहरण म्हणजे दूध नासणे. दुधातील प्रथिनांच्या कणांवरही ऋण भार असतो, व त्यामुळेच ते दुधात विखुरलेले राहतात. लिंबाचा रस पिळताच हा भार नाहीसा होतो, कण गुठळ्या धरतात व वर पाणी सुटते. दुधाला जे लिंबू, तेच गढूळ पाण्याला तुरटी.

समुद्राचे पाणी व बालदीतील पाणी

समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. इतक्या धन आयनांच्या गर्दीत कणाभोवतीचे वेष्टन आक्रसून अगदी पातळ होते, कण जवळ येतात व गाळ बसतो. नद्यांनी आणलेला गाळ खाडीच्या मुखाशी साचतो, त्यालाही हेच कारण बऱ्याच अंशी लागू आहे. मुंबईच्या नळाला येणारे पाणी पावसाचे, तलावात साठविलेले व क्षार कमी असलेले असते. म्हणून बालदीतील शाडू लवकर बसत नाही.

पाणी निवळण्यासाठी त्यात मीठ घालणे अर्थातच शक्य नाही. परंतु आयनावरील भार जसा वाढतो तशी त्याची कण एकत्र आणण्याची शक्ती अनेक पटींनी वाढते. सोडियमवर एक, कॅल्शियमवर दोन व ॲल्युमिनियमवर तीन धन भार असतात. शास्त्रीय नियमानुसार सोडियमच्या मानाने कॅल्शियम सुमारे साठाव्या हिश्श्याने, तर ॲल्युमिनियम सुमारे सातशेव्या हिश्श्याने पुरते. समुद्राच्या पाण्यात मुठीने लागणारे मीठ जे काम करते, ते तुरटीची चिमूट करते, ते यामुळे. शिवाय तुरटीतील ॲल्युमिनियमचा पाण्यात कापसासारखा हलका साका तयार होतो व तो खाली बसताना कणांना झाडूसारखा ओढून नेतो.

विरुद्ध भाराची लांब साखळी

आयन हा एकटा मणी, तर बहुवारिक ही अनेक मण्यांची माळ असते. एकाच प्रकारचे हजारो लहान घटक एकापुढे एक जोडले गेले की बहुवारिक पदार्थाचा लांब रेणू बनतो. स्टार्च, डिंक, प्रथिने ही निसर्गातील उदाहरणे होत. पॉलिॲक्रिलामाइड हे कारखान्यात बनणारे उदाहरण होय. काही माळांच्या मण्यांवर धन भार असतो, काहींच्या मण्यांवर ऋण भार असतो, तर काही भारविरहित असतात.

धन भाराची माळ ऋण भाराच्या मातीच्या कणाला भेटली की दोहोंत जोराचे आकर्षण निर्माण होते. एक मणी सुटला तरी बाकीचे चिकटलेले असल्याने सबंध माळ सहसा सुटत नाही. त्यानंतर दोन रीतींनी पुंजके बनतात.

पहिली रीत ठिगळाची. माळ आखूड व दाट भाराची असेल तर ती कणाच्या अंगावर सपाट बसते. जेथे ती बसते तेथे धन भाराचे ठिगळ तयार होते, व शेजारच्या कणाचा उघडा ऋण भाग त्या ठिगळाला येऊन चिकटतो.

दुसरी रीत पुलाची. माळ फार लांब असेल तर तिचे एक टोक एका कणावर, मधला भाग पाण्यात व दुसरे टोक दुसऱ्या कणावर बसते. अशा अनेक पुलांनी जोडलेला पुंजका मोठा व मजबूत होतो आणि भरभर तळाशी जातो.

गिरणगावातील कामगारांना माती व साखळी यांची जोडी वेगळ्या रूपाने परिचित होती. कापडगिरण्यांत ताण्याच्या सुताला खळ देताना स्टार्चबरोबर चिनी माती वापरली जात असे. स्टार्चच्या लांब साखळ्या मातीचे कण सुतावर धरून ठेवीत. तेथे माती चिकटून राहावी हा हेतू असे, येथे ती एकत्र येऊन बसावी हा हेतू आहे. साधन मात्र एकाच जातीचे.

जास्त मात्रेचा धोका

थोड्याने गुण आला तर जास्तीने अधिक येईल, अशी समजूत सर्वत्र आढळते. येथे ती उलटी ठरते. धन भाराच्या माळा गरजेपेक्षा अधिक घातल्या तर त्या कणाला सर्व बाजूंनी गुंडाळतात. कणाचा ऋण भार झाकला जाऊन वर धन भार दिसू लागतो. आता सर्वच कण धन भाराचे झाल्याने ते पुन्हा एकमेकांना दूर ढकलतात, आणि निवळत आलेले पाणी पुन्हा गढूळ राहते. पूल बांधण्यासाठी समोरच्या कणावर मोकळी जागा लागते. सगळी जागा आधीच व्यापली गेली तर पूल बांधावा कोठे? म्हणून मात्रा नेहमी परीक्षा करून ठरवावी.

दोन माळांची जोडी

मोठ्या जलशुद्धीकरण केंद्रांत व कारखान्यांत कधी कधी परस्परविरुद्ध भाराच्या दोन बहुवारिकांचा एकापाठोपाठ उपयोग करतात. प्रथम आखूड, दाट धन भाराची माळ देऊन कणांवर ठिगळे तयार करतात. त्यानंतर फार लांब अशी ऋण भाराची माळ देतात. ती कणावरील ऋण भागाला चिकटत नाही, पण धन ठिगळांना घट्ट धरते व एका ठिगळापासून दुसऱ्या ठिगळापर्यंत पूल बांधते. असे पुंजके ढवळण्याने सहसा तुटत नाहीत.

येथे क्रमाला महत्त्व आहे. दोन्ही माळा एकाच भांड्यात आधी मिसळल्या तर त्या मातीला सोडून एकमेकींनाच मिठी मारतात, त्यांचा चोथा होतो व औषध वाया जाते.

मुंबईच्या नळाचे पाणी

मुंबई शहराला विहारचे पाणी १८६० साली, तुळशीचे १८७९ साली व तानसाचे १८९२ साली मिळू लागले. पुढे १९५७ साली मोडकसागर, नंतर ऊर्ध्व वैतरणा व भातसा, आणि २०१४ साली मध्य वैतरणा यांची भर पडली. यांतील मोठे जलाशय ठाणे, पालघर व नाशिक या जिल्ह्यांतील डोंगराळ मुलखात आहेत. पावसाळ्यात तेथील उतारावरची माती पाण्याबरोबर तलावात येते. भांडुप व पांजरापूर येथील केंद्रांत हे पाणी निवळून, वाळूच्या थरांतून गाळून व क्लोरीन देऊन शहराकडे सोडण्यात येते. मलबार हिलच्या जलाशयातून ते गिरगावच्या चाळींत पोहोचते.

अशा केंद्रांत तुरटीवर्गीय क्षारांबरोबर पॉलिॲल्युमिनियम क्लोराइड या पदार्थाचा वापर होतो. यात ॲल्युमिनियमचे अणू आधीच समूहाने जोडलेले असतात. त्यांतील एका महत्त्वाच्या समूहात १३ अणू असून त्याच्यावर ७ धन भार असतात. म्हणजे हाही विरुद्ध भाराच्या लहान माळेचाच प्रकार झाला. प्रथम जोराने ढवळून औषध सर्वत्र पोहोचविणे, नंतर हळूहळू ढवळून पुंजके वाढू देणे व शेवटी पाणी स्थिर ठेवणे, या तीन पायऱ्या तेथे पाळल्या जातात. गावच्या घागरीतही याच तीन पायऱ्या पाळावयाच्या आहेत.

शेवग्याचे बी : परसातील साधन

शेवग्याच्या पक्व बियांत पाण्यात विरघळणारे एक लहान प्रथिन असते. नेहमीच्या पाण्यात त्याच्यावर धन भार असतो. म्हणजे धन भाराची माळ प्रत्येक परसात झाडावर लोंबत आहे. सुदानमध्ये नाईल नदीचे गढूळ पाणी निवळण्यासाठी तेथील स्त्रिया हे बी पूर्वापार वापरीत आल्या आहेत. दादरच्या मंडईत भाजीसाठी येणाऱ्या कोवळ्या शेंगा या कामी उपयोगी नाहीत. झाडावरच वाळून तपकिरी झालेल्या शेंगांचे बी घ्यावे. कोकणासाठी प्रसारित झालेल्या कोकण रुचिरा या वाणाची किंवा गावठी झाडाची एखादी फांदी बियांसाठी राखून ठेवावी.

कृती पुढीलप्रमाणे करावी.

१. बियांचे पंख व टरफल काढून आतील पांढरा गर घ्यावा. डागाळलेले बी टाकून द्यावे.

२. गर खलात बारीक कुटावा. फार गढूळ पाण्यासाठी लिटरला सुमारे एक बी, मध्यम गढुळासाठी अर्धे बी, असा आरंभीचा अंदाज धरावा.

३. भुकटी थोड्या स्वच्छ पाण्यात घालून पाच मिनिटे चांगली हलवावी व स्वच्छ फडक्यातून गाळून घ्यावी. हे दुधी पाणी म्हणजे औषध होय.

४. ते गढूळ पाण्यात ओतून एक मिनिट जोराने ढवळावे. नंतर पाच ते दहा मिनिटे अगदी हळू ढवळावे.

५. भांडे झाकून एक ते दोन तास न हलविता ठेवावे. वरचे निवळ पाणी दुसऱ्या स्वच्छ भांड्यात अलगद काढून घ्यावे.

६. हे पाणी उकळून किंवा क्लोरीन देऊनच प्यावे. निवळल्याने जंतू बरेच कमी होतात, पण नाहीसे होत नाहीत. बियांतील सेंद्रिय अंश पाण्यात उरत असल्याने ते २४ तासांपलीकडे साठवू नये.

निवळीच्या, म्हणजे संस्कृत ग्रंथांतील कतकाच्या बियांचा उल्लेख पाणी स्वच्छ करण्याच्या साधनांत सुश्रुतसंहितेत आलेला आहे. हे बी माठाच्या आतील बाजूस उगाळण्याची चाल होती. विशेष असा की, निवळीच्या बियांतील साखळ्यांवर ऋण भार असतो. मातीवरही ऋण भार असताना त्या चिकटतात कशा? पाण्यातील कॅल्शियमसारखे दोन भारांचे आयन एका हाताने मातीला व दुसऱ्या हाताने साखळीला धरतात. मात्र येथे एक इशारा देणे अवश्य आहे. याच जातकुळीतील काजऱ्याचे, म्हणजे कुचल्याचे बी अत्यंत विषारी असते. बियांची पक्की ओळख नसेल त्यांनी निवळीच्या वाटेस जाऊ नये. तुरटी किंवा शेवगा वापरावा.

बाटल्यांची परीक्षा

ग्रामसेवकांनी शाळेत किंवा चावडीवर पुढील प्रात्यक्षिक करून दाखवावे. १० ग्रॅम तुरटी १ लिटर स्वच्छ पाण्यात विरघळवावी. या द्रावणाच्या १ मिलिलिटरमध्ये १० मिलिग्रॅम तुरटी असते. एक-एक लिटर गढूळ पाण्याच्या सात सारख्या बाटल्या घ्याव्या. पहिलीत काही घालू नये. पुढील सहा बाटल्यांत अनुक्रमे १, २, ३, ४, ५ व ६ मिलिलिटर द्रावण घालावे. सर्व बाटल्या आधी जोराने व नंतर हळू सारख्याच हलवून अर्धा ते एक तास ठेवाव्या. ज्या सर्वांत कमी मात्रेने पाणी समाधानकारक निवळले, ती मात्रा योग्य समजावी. समजा, ३ मिलिलिटरची बाटली निवळली, तर लिटरला ३० मिलिग्रॅम तुरटी पुरते. म्हणजे २० लिटरच्या हंड्याला ६०० मिलिग्रॅम लागेल. शेवग्याच्या गाळलेल्या द्रावणाचीही अशीच परीक्षा घेता येते, व त्यात मात्रा फार वाढविल्यास पाणी पुन्हा गढूळ राहते, हेही लोकांना डोळ्यांनी पाहता येते.

निवळलेल्या साध्या पाण्यास निर्जंतुकीकरणासाठी १,००० लिटरला सुमारे २.५ ग्रॅम चांगली टीसीएल पावडर पुरते. अर्धा ते एक तासाने ओटी परीक्षा घेऊन क्लोरीन शिल्लक असल्याची खात्री करावी.

शेततळे व ठिबक

गढूळ शेततळ्याचे पाणी ठिबकला जोडले की गाळणी वारंवार तुंबते व तोट्या बुजतात. मत्स्यपालन असेल तर सूर्यप्रकाश आत न गेल्याने माशांचे नैसर्गिक खाद्य वाढत नाही. ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद, ३ मीटर खोल व एकास एक उताराचे तळे पूर्ण भरले असता त्यात २,१९६ घनमीटर, म्हणजे सुमारे २२ लाख लिटर पाणी असते. परीक्षेत लिटरला २० मिलिग्रॅम तुरटी योग्य ठरली, तर अशा तळ्यास सुमारे ४४ किलो तुरटी लागेल. जिप्सम वापरल्यास काम सावकाश होते व लिटरला २०० मिलिग्रॅमच्या हिशेबाने सुमारे ४४० किलो लागते, पण पाणी आंबट होण्याचा धोका राहत नाही. तुरटीने पाण्याची आम्लता वाढते. कोकणासारख्या मृदू पाण्याच्या भागात ती मासे असलेल्या तळ्यात तपासणीवाचून टाकू नये. कारखान्यातील धन भाराची बहुवारिके तर माशांच्या कल्ल्यांना चिकटून घातक ठरतात. ती मत्स्यतळ्यात मुळीच वापरू नयेत.

परंतु तळे निवळण्यापेक्षा माती तळ्यात न येऊ देणे स्वस्त पडते. बांधबंदिस्ती, गवताचे पट्टे व पाणी आत येण्याच्या तोंडाशी गाळ बसण्यासाठी लहान खड्डा, ही कामे आधी करावीत. अमेरिकेत सरीने पाणी देताना सुरुवातीच्या पाण्यात लिटरला १० मिलिग्रॅम या प्रमाणात ऋण भाराचे पॉलिॲक्रिलामाइड मिसळून सरीतील मातीची धूप फार मोठ्या प्रमाणात थांबविता येते, असे प्रयोगांत दिसून आले आहे. तेथेही साखळी व माती यांच्यामधील दुवा पाण्यातील कॅल्शियमच असतो.

जमिनीतही हेच तत्त्व

पाण्यात जे पुंजके गाळ म्हणून बसतात, तेच जमिनीत रवाळ कणरचना म्हणून पिकाला उपयोगी पडतात. शेणखत व कंपोस्ट कुजताना सूक्ष्म जीव डिंकासारख्या लांब साखळ्या तयार करतात. कॅल्शियमच्या दुव्याने त्या मातीच्या कणांना बांधतात, जमीन भुसभुशीत राहते, पाणी मुरते व मुळांना हवा मिळते. शेणखत म्हणजे केवळ नत्र-स्फुरद नव्हे. ते जमिनीचे बंधन आहे.

याउलट कणांवर सोडियमचा अंमल झाला की बंधन सुटते. येथे कोणी विचारील, समुद्राच्या पाण्यात सोडियम विपुल असून तेथे माती बसते, मग शेतात सोडियम वाईट का? समुद्रात क्षारांची गर्दी सतत असते. शेतात पावसाने मोकळे क्षार धुऊन जातात, पण कणांना चिकटलेला सोडियम मागे राहतो. मग कणांभोवतीचे वेष्टन जाड होते, कण विखुरतात, पृष्ठभागावर कवच धरते व पाणी मुरत नाही. अकोला, अमरावती व बुलढाणा जिल्ह्यांतील पूर्णा खोऱ्याच्या खारपाणपट्ट्यात हा अनुभव शेतकऱ्यांना आहे. माती परीक्षणानुसार जिप्सम देऊन व निचऱ्याची सोय करून तेथे सोडियमच्या जागी कॅल्शियम आणावे लागते.

ही परीक्षा घरी करता येते. हरभऱ्याएवढे वाळलेले ढेकूळ पावसाच्या पाण्याने भरलेल्या काचेच्या पेल्यात अलगद सोडावे व हलवू नये. काही तासांनी ढेकळाभोवती दुधी ढग पसरला, तर जमिनीत सोडियमचा दोष असण्याचा संभव आहे. नमुना मृदा प्रयोगशाळेकडे अवश्य पाठवावा.

विसर्जनानंतरचा गाळ

मुंबई महानगरपालिकेने २०२५ साली मूर्तिकारांना शाडू माती विनामूल्य पुरविली, व विसर्जनासाठी कृत्रिम तलावांची सोय केली. गोड्या पाण्याच्या अशा तलावात किंवा घरच्या बालदीत माती लवकर बसावी म्हणून तुरटीचे द्रावण वर सांगितल्याप्रमाणे वापरता येते. निवळ पाणी काढून गाळ वाळवावा व मूर्तिकारास परत द्यावा. मूर्ती नैसर्गिक रंगांची असेल तर थोडा गाळ भरपूर कंपोस्टात मिसळून कुंडीत वापरण्यास हरकत नाही. नुसता शाडू कुंडीत घातल्यास तो वाळून दगडासारखा होतो. प्लास्टर ऑफ पॅरिसची मूर्ती मात्र पाण्यात फुटून कणरूप होत नाही, कारण ते घट्ट झाल्यावर त्याचे जिप्सम बनलेले असते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने अमोनियम बायकार्बोनेटच्या द्रावणात ते विघटित करण्याची रीत दाखविली असून तीतून अमोनियम सल्फेट व कॅल्शियम कार्बोनेट मिळते. तथापि रंगांतील जड धातूंची तपासणी झाल्यावाचून असा पदार्थ खाद्यपिकाच्या शेतात टाकू नये.

लक्षात ठेवण्याच्या गोष्टी

१. पाणी आधी निवळावे, मग निर्जंतुक करावे.

२. मात्रा डोळ्यांच्या अंदाजाने नव्हे, बाटल्यांच्या परीक्षेने ठरवावी. पाऊस पडून पाणी बदलले की परीक्षा पुन्हा घ्यावी.

३. जोराने ढवळणे, हळू ढवळणे व स्थिर ठेवणे हा क्रम मोडू नये.

४. शेवग्याने निवळलेले पाणी त्याच दिवशी वापरावे.

५. शेतातून वाहणारे गढूळ पाणी म्हणजे वाहून जाणारी जमीन आहे. तिला बांध, गवत व शेणखत यांनी शेतातच अडवावे.

पावसाळ्याच्या तोंडी प्रत्येक गावात एकदा बाटल्यांचे प्रात्यक्षिक व्हावे. त्याला सात बाटल्या, थोडी तुरटी, मूठभर शेवग्याचे बी व तासाभराची सवड एवढेच भांडवल पुरते.